मदत हवी आहे: लॅप्रोस्कोपी चालू असताना श्वासनलिकेतल्या ट्यूबच्या कफचा (तिच्या टोकाजवळच्या फुग्याचा) दाब चढतो, तुम्ही कसा सांभाळता?

नमस्कार. मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात भूलशास्त्राची रेसिडेंट आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्यांकडून उत्तर हवंय.

ट्यूब टाकली, कफ फुगवला, पायलट बलून (कफला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा) बोटांत दाबून बघितला की झालं, अशी आमच्याकडची पद्धत. कफचा दाब मोजणारा मॅनोमीटर आहे, पण एकच, आणि तो बहुतेक आयसीयूत असतो. हल्ली लॅप्रोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या, केसला मी तो मागून आणते. दाब २० ते ३० सेंमी पाणी हवा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण सुरुवातीला २४ वर ठेवलेला कफ पोटात गॅस भरून टेबल डोक्याकडून खाली केलं की तिशी ओलांडतो. गॅसमुळे श्वासपटल वर ढकललं जातं, व्हेंटिलेटरचा दाब वाढतो, तो कफवरही येतो. नायट्रस (भुलीसाठीचा नायट्रस ऑक्साइड वायू) चालू असेल तर तो कफच्या भिंतीतून आत शिरतो आणि लांबलेल्या केसमध्ये आकडा चढतच जातो. बोटांना यातलं काही कळत नाही. ३० च्या पुढे श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तप्रवाह घटू लागतो, म्हणून मला हे सोडून देता येत नाही.

गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर मासळीबाजारात बसणाऱ्या एका मावशींचा आवाज बसला होता. "डॉक्टर, ओरडल्याशिवाय गिऱ्हाईक येतं का?" असं त्यांनी विचारलं. घसा ट्यूबमुळे दुखतो, बरा होईल, हे आपण सगळ्यांनाच सांगतो आणि बहुतेकांचा होतोही. पण त्यांचे ते दिवस बुडालेच ना?

सिनियरांचं म्हणणं असं की कफ सैल राहिला तर पोटातलं फुप्फुसात जाईल, त्यापेक्षा थोडा घट्ट बरा. भीती खरी आहे. माझी अडचणही तिथेच आहे: मध्ये हवा काढून दाब २५ वर आणला, तर शेवटी पोटातला गॅस सोडल्यावर तो २० च्या खाली जात असेल. तेव्हा तुम्ही पुन्हा मोजता का? की थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावून मॅनोमीटर पूर्ण वेळ जोडलेलाच ठेवता? दर वेळी जोडताना थोडी हवा त्याच्या नळीत जाते आणि जोडण्यानेच दाब उतरतो, म्हणून विचारते. नायट्रस टाळून हवा-ऑक्सिजनवर केस चालवणं मला सगळ्यात सरळ वाटतं, पण ते प्रत्येक टेबलावर जमत नाही. कफमध्ये हवेऐवजी सलाईन भरणारं कोणी आहे का? काढताना पूर्ण निघतं का?

दुसऱ्या मॅनोमीटरसाठी विभागात अर्ज द्यायचाय. कोणी असा मंजूर करून घेतला असेल तर काय लिहिलं होतं, तेवढं कृपया सांगा.