१५ हजारांत पाच जणांची मे महिन्यातली सहल, सोलापुरातून: कसं बसवायचं?

जुळेसोलापूरकर

नमस्कार. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस, तीन रात्री बाहेर पडायचं आहे. माणसं पाच: मी, बायको, आई (वय ६७), मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ४ वर्षांचा. घरची गाडी नाही. जाणं-येणं, राहणं, जेवण सगळं धरून १५,००० रुपयांच्या वर एक रुपयाही जमणार नाही. सोलापूरच्या उन्हातून चार दिवस सुटका व्हावी एवढीच अपेक्षा आहे. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार पायऱ्या नकोत.

महाबळेश्वर, कोकण की कर्नाटक? भाड्याची गाडी करावी की एसटीनं जावं? आता फेब्रुवारी संपतोय, म्हणजे वेळ हातात आहे. कृपया हिशोबासकट सांगा.

एसटीचा_टप्पा

आधी ठिकाण ठरवू नका, आधी तिकिटं मोजा. तुमच्या घरातल्या पाच माणसांची एसटीत अडीच तिकिटं होतात. तुमचं पूर्ण. वहिनींचं अर्धं, कारण मार्च २०२३ पासून महिलांना सगळ्या प्रकारच्या गाड्यांत निम्मं भाडं आहे. आईंचंही अर्धं (महिला म्हणून घ्या की ६५ वर्षांवरच्या म्हणून, सवलत एकदाच मिळते). मुलगी ५ ते १२ वयोगटात, अर्धं. मुलगा ५ वर्षांच्या आत, तिकीट नाही, पण त्याला सीटही नाही, मांडीवर घ्यावं लागेल. आईंचं आणि मुलीचं आधार कार्ड वर काढून ठेवा, कंडक्टर विचारतो.

रेल्वेत हेच कुटुंब चार तिकिटांचं होतं. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, महिलांना वेगळी सवलत नाही, आणि मुलीला स्वतःचा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. म्हणून रेल्वेचा किलोमीटरचा दर एसटीपेक्षा कमी असला तरी महाराष्ट्राच्या आत तुमच्यासाठी तो फरक बराच कमी होतो. हद्दीपलीकडे मात्र महिला आणि ज्येष्ठांची सवलत चालत नाही. कर्नाटकात जाणार असाल तर ते गणित वेगळं.

आता आकडे, महाबळेश्वरच्या अलीकडची पाचगणी धरून. साध्या गाडीचा टप्पा (भाडं मोजायचं एकक) ६ किलोमीटरचा, आणि जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास पडतात. सोलापूर ते सातारा पंढरपूर-म्हसवडमार्गे साधारण २१० किलोमीटर, म्हणजे ३५ टप्पे, एका पूर्ण तिकिटाला साडेतीनशे. सातारा ते पाचगणी वाईवरून आणखी ५० च्या आत, ८० रुपये धरा. एकूण ४३० गुणिले अडीच म्हणजे १,०७५. जाऊन-येऊन २,१५०, वर किरकोळ आकार धरून २,२००.

भाड्याच्या गाडीचं उत्तर यातच आहे. बाहेरगावच्या गाडीला दिवसाला किमान ३०० किलोमीटर लावतात. तुम्ही एका जागी दोन दिवस बसून राहिलात तरी चार दिवसांचे १,२०० किलोमीटर मोजले जातात, वर चालकाचा भत्ता आणि टोल. बजेटचा मोठा भाग तिथेच संपेल.

‘आवडेल तेथे प्रवास’ पास घ्यायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. तो रोज लांब फिरणाऱ्या आणि पूर्ण तिकीट लागणाऱ्या माणसासाठी आहे. तुमच्या घरात असा माणूस एकच, आणि तोही दोन दिवस एका गावात बसणार.

पहाटेची गाडी धरा. दुपारी बारा ते चार या वेळात म्हसवड-दहिवडीच्या पट्ट्यात लोखंडी गाडीत बसणं आईंना आणि धाकट्याला झेपणार नाही. आरक्षण करताना मागच्या चाकावरची आणि शेवटच्या रांगेतली सीट टाळा, गुडघेदुखीला तिथले धक्के सगळ्यात वाईट.

होटगी_जंक्शन

कर्नाटकचं विचारलंत म्हणून सांगतो. सोलापूरहून सुटणारी हासन एक्स्प्रेस हा आपल्याकडे कमी वापरला जाणारा पर्याय आहे. संध्याकाळी निघते, रात्र गाडीत जाते, सकाळी बंगळुरूचं यशवंतपूर आणि पुढे हासन. गाडी इथूनच सुटत असल्यानं सोलापूरचा कोटा बरा असतो. हासनपासून हळेबीड ३० आणि बेलूर ४० किलोमीटरच्या आसपास, पलीकडे चिकमगळूर. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर १११७ सालचं, २०२३ पासून होयसळ मंदिरं जागतिक वारसा यादीत आहेत. हवा मे मध्येही सुसह्य असते, दुपारनंतर बऱ्याचदा वळवाचा पाऊस होतो. दोन रात्री गाडीत गेल्यानं खोलीचं भाडं एकाच रात्रीचं.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पूर्वी १२० होते), आणि प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. मंगळवार १९ मे ला निघायचं असेल तर २० मार्चला सकाळी ८ वाजता बसा. परतीची तारीख वेगळी उघडते, तीही कॅलेंडरवर लिहून ठेवा. लोक जातानाचं तिकीट काढतात आणि परतीचं विसरतात, मग वेटिंग लिस्टचं ई-तिकीट चार्ट झाल्यावर आपोआप रद्द होतं आणि माणसं स्टेशनवर अडकतात.

आईंचं तिकीट वेगळं काढा, ज्येष्ठ कोट्यातून. पाच जणांच्या एकत्र तिकिटावर त्यांना खालचा बर्थ मिळेलच असं नाही, कारण त्या कोट्यात एका तिकिटावर पात्र प्रवासी एक किंवा दोनच चालतात. डबा एखादवेळेस वेगळा येईल, तेव्हा वहिनींचं वय ४५ च्या वर असेल तर दोघींचं एकत्र काढा.

एक गोष्ट आधीच सांगतो: कर्नाटकातला महिलांचा मोफत बसप्रवास तिथल्या रहिवासी महिलांनाच आहे. सोलापूरच्या आधार कार्डावर तो मिळत नाही. घरातून निघताना तसं गृहीत धरलं तर बेलूर-हळेबीडच्या फेऱ्यांत हिशोब चुकतो.

चार दिवसांत हे बसतं, पण ओढाताण होते. पाच दिवस मिळाले तरच करा.

पसरणी_घाट

वर पाचगणी सांगितलंय ते बरोबर आहे. फक्त ‘वाईत स्वस्तात राहा आणि वर फिरा’ असा सल्ला तुम्हाला कोणी दिला तर ऐकू नका. वाई सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या जवळ. अंतर १२ किलोमीटर, पण पसरणी घाट मधे आहे. वाईत मे च्या दुपारी सोलापूरपेक्षा थोडंच कमी तापतं आणि रात्री पंखा लागतोच. तुमचा मूळ हेतूच गारव्याचा आहे. शिवाय रोज घाट चढ-उतार केली की धाकट्याला गाडी लागणार. परतीच्या दिवशी वाईत दोन तास थांबा, कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती बघा, तेवढं पुरे.

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत मे महिन्यात खोली या बजेटमध्ये मिळवणं कठीण. पाचगणीत मिळते, पण मंगळवार ते शुक्रवार. शुक्रवारची रात्र मुक्कामात आली की दर बदलतो, म्हणून मंगळवारी पोचा आणि शुक्रवारी सकाळी खोली सोडा.

फोनवर हे विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा: पाच माणसं एकाच खोलीत चालतील का, जादा गादीचे किती, खोली तळमजल्यावर मिळेल का, कमोड आहे का (आईंसाठी हे फार महत्त्वाचं), गरम पाणी किती वाजेपर्यंत, चेकआउट किती वाजता. बऱ्याच लॉजमध्ये चेकआउट सकाळी ९ किंवा १० ला असतो आणि तासभर उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचं भाडं मागतात. मे मध्ये डोंगरावर पाण्याची टंचाई असते, तेव्हा टँकरवर अवलंबून आहेत का तेही विचारा. जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आहे. कोणी अजून १२ टक्के लावत असेल तर बिल मागा.

ॲडव्हान्स एका रात्रीपेक्षा जास्त देऊ नका. सुट्टीच्या हंगामात इंटरनेटवर खऱ्या लॉजच्या नावाखाली खोटे नंबर टाकलेले असतात: क्यूआर कोड पाठवतात, ‘आत्ता भरलं तरच खोली राहील’ अशी घाई करतात, आणि पैसे गेले की फोन बंद. दोन-तीन ठिकाणी दिलेला नंबर एकच आहे का ते पडताळा, पैसे लॉजच्या नावाच्या खात्यात जातायत का ते नावावरून बघा. फसलात तर त्याच तासात १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, उशीर झाला की रक्कम गोठवणं अवघड होतं.

फिरण्याचं: पहिल्या संध्याकाळी टेबल लॅन्ड. दुसऱ्या दिवशी एसटीनं महाबळेश्वर, अंतर २० किलोमीटरच्या आत. तिथल्या आगारातून दर्शनाच्या गाड्या निघतात, सकाळी स्टँडवर चौकशी करून त्यातलीच धरा, टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. क्षेत्र महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर आईंना नक्की दाखवा. प्रतापगड या खेपेला सोडा, पायऱ्या शेकड्यांनी आहेत. कास पठारावर मे मध्ये फुलं नसतात, ती ऑगस्टनंतर. तिकडे टॅक्सी करून पैसे घालवू नका. स्ट्रॉबेरीचा मुख्य हंगामही तोवर उरकलेला असतो.

शेंगाचटणी

जेवणावर कोणी बोललं नाही, आणि पैसे तर तिथेच गळतात. पाच माणसं रोज तीन वेळा हॉटेलात बसली तर १५ हजार पुरायचे नाहीत की ओ. दिवसातून एकच जेवण बाहेर, तेही दुपारी थाळी. सकाळ आणि रात्र घरच्या शिदोरीवर.

पाच जणांना तीन रात्रींसाठी कडक भाकरी ३०, शेंगाचटणी अर्धा किलो, शेंगापोळ्या १५. रात्री कडक भाकरी चुरून दह्यात किंवा ताकात, वर चटणी. दही तिथेच घ्या. पहिल्या दिवसाच्या बसमध्ये धपाटे, पण ते पाण्यात मळा, दह्यात नको. दह्यातले धपाटे या उन्हात संध्याकाळपर्यंत आंबतात.

कडक भाकरीचं बिघडतं ते भरताना. जराशी कोमट असताना डब्यात गेली की वाफ धरते, मऊ पडते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते. रात्रभर पंख्याखाली सुकवा, मग पत्र्याच्या डब्यात सुती कापड घालून रचा. प्लॅस्टिकची पिशवी नको. चटणीत ओला चमचा घालू नका.

सोलापुरी चादरी दोन घ्या. एक खाली अंथरायला, म्हणजे जादा गादीचे पैसे वाचतात, आणि एक रात्री पांघरायला. पाचगणीत पहाटे लागते.

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशोब असा मांडलाय: प्रवास २,२००, खोली रात्रीला २,००० च्या आत धरून जीएसटीसह ६,३००, जेवण ३,५००, तिथलं फिरणं १,५००, हाताशी १,५००. बरोबर १५,०००. मुलीला समुद्र बघायचा आहे, म्हणून शेवटचं विचारतो: एवढ्याच पैशांत गणपतीपुळे होईल का?

एसटीचा_टप्पा

पैशांत बसेल, दिवसांत नाही. कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी करत पावणेचारशे-चारशे किलोमीटर होतात. जायला एक पूर्ण दिवस, यायला एक. हवा सोलापूरइतकी तापत नाही पण घामानं अंग चिकट होतं, आईंना ते उन्हापेक्षा जास्त जाचेल. मे अखेरीस समुद्रही खवळायला लागतो, आणि गणपतीपुळ्याचा किनारा पोहायला एरवीही धोक्याचा आहे. मुलीला समुद्र दिवाळीच्या सुट्टीत दाखवा. तेव्हाही तुमची अडीचच तिकिटं असतील (मुलीची बारा वर्षं पूर्ण झाली तरी महिला म्हणून अर्धंच), फक्त धाकट्याला पाच पूर्ण झाली का ते बघा, झाली असतील तर तीन धरा.

हिशोबात एक बदल करा. हाताशी ठेवलेले १,५०० वेगळ्या पाकिटात, आईंकडे द्या, आणि त्यातले ५०० सुट्ट्या नोटांत ठेवा. घाटात रेंज गेली की कंडक्टरचं यूपीआय चालत नाही.