मदत हवी आहे : वस्तीजवळच्या शेततळ्यापासून मुलांना सुरक्षित कसे ठेवावे?

नमस्कार. दर वर्षीप्रमाणे यंदाही मे महिन्यात माझी दोन्ही मुले, वय वर्षे 11 आणि 7, सांगोला तालुक्यातील माझ्या माहेरी राहायला जाणार आहेत. मला पहिले दहा दिवसच रजा मिळणार असल्याने पुढचे तीन आठवडे ती दादा, वहिनी आणि आईजवळ राहतील. उन्हाची काळजी मला फारशी नाही. सकाळी अकरानंतर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे नाही, डोक्याला पंचा बांधायचा आणि माठातले पाणी व ताक पीत राहायचे, हा आईचा शिरस्ता नातवंडेही पाळतात. माझा प्रश्न शेततळ्याचा आहे.

दादाने तीन वर्षांपूर्वी डाळिंबाच्या बागेसाठी 30 मीटर लांब, तितकेच रुंद आणि 3 मीटर खोल असे शेततळे केले. वस्तीपासून ते शंभरेक पावलांवर आहे. त्याचा भराव पुरुषभर उंच असल्यामुळे पाण्यात कोणी उतरले असले तरी ते घरातून दिसत नाही. भोवती कुंपण म्हणून जुन्या साड्या बांधलेल्या आहेत. त्या रानडुकरांना थोपवत असतील, पण सात वर्षांच्या मुलाला त्या उचलून आत जायला क्षणभरही लागत नाही.

गेल्या दिवाळीत थोरल्याचा चेंडू आत गेला. तो काढण्यासाठी तो तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावर बसून हळूहळू खाली सरकला आणि पाण्याची कड लागताच शेवाळावरून घसरून छातीइतक्या पाण्यात गेला. वर येण्यासाठी तो जितके हातपाय मारत होता, तितका पुन्हा खाली येत होता. सुदैवाने दादाकडचे सालगडी तेव्हा मोटर बंद करायला आले होते, त्यांनी आपला पंचा टाकून त्याला ओढून घेतले. तो एकदाही ओरडला नव्हता, ही गोष्ट मला अजून विसरता येत नाही.

हा मुलगा पुण्यात दोन उन्हाळे पोहायला शिकला आहे, आणि माझी भीती त्यामुळे कमी होण्याऐवजी वाढली आहे. तलावात त्याला दमल्यावर धरायला काठ असतो आणि उथळ बाजूला पाय टेकतात. शेततळ्यात यांपैकी काहीच नाही, हे त्याला सांगून पटत नाही. दादाला विषय काढला की तो म्हणतो, "आपण दोघे पाठीला डबा बांधून विहिरीतच शिकलो ना?" ते खरे आहे. पण त्या विहिरीला पायऱ्या होत्या, बोटे अडकवायला दगडांच्या कपारी होत्या आणि आम्ही पाण्यात असेपर्यंत आजोबा काठावरच्या थारोळ्यावरून हलत नसत.

ज्यांच्याकडे शेततळे आहे त्यांनी कृपया सांगावे : कुंपण कोणते आणि किती उंचीचे करावे? कागदाला इजा न होता आत धरायला काही बसवता येते का? आणि माहेरी चार दिवसांची पाहुणी असलेल्या बहिणीने हा विषय भावाला न दुखावता कसा काढावा?

प्रतिसाद 1

ताई, माझ्याकडे अशीच दोन शेततळी आहेत. कागद बसवणारे लोक गळतीची हमी देतात. पण माणूस आत पडला तर बाहेर कसा येईल, याचा विचार त्यांनी केलेला नसतो आणि आपणही त्यांना विचारत नाही. ओल्या कागदावर मोठ्या माणसालाही चढता येत नाही, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो.

कुंपणाला तारेची जाळीच हवी. ती किमान पाच फूट उंच घ्यावी, खाली फट ठेवू नये आणि आडव्या पट्ट्या मारू नयेत, कारण मुले त्यांचीच शिडी करतात. फाटकाला कुलूप लावून किल्ली मोटरच्या खोलीत न ठेवता घरात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी ठेवावी. जाळीला खर्च बराच येतो, हे मान्य आहे. ती होईपर्यंत दोरांचे काम मात्र एका सकाळीत होण्यासारखे आहे. चारही बाजूंनी भरावाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे कागदाला भोक पडणार नाही अशा जागी, लोखंडी अँगल पक्के रोवावेत. त्यांना जाड नायलॉनचे दोर बांधून ते तळापर्यंत सोडावेत आणि दर फुटावर गाठ मारावी, कारण गाठीशिवाय ओला दोर हातात राहत नाही. ट्रॅक्टरची हवा भरलेली जुनी ट्यूब दोराला बांधून पाण्यावर तरंगत ठेवावी. उन्हाने दोर आणि ट्यूब दोन्ही कुजतात, म्हणून दर वर्षी मार्चमध्ये ती ओढून पाहावीत.

आमच्याकडे शेततळ्यात मासे सोडल्यापासून मुलांचा ओढा फार वाढला होता. तुमच्या दादांनीही सोडले असतील तर अधिक लक्ष ठेवावे. सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे दुपारी एक ते चार, जेव्हा मोठी माणसे जेवून आडवी होतात आणि मुलांना झोप येत नाही.

प्रतिसाद 2

मी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. आमच्याकडे अनेकदा एकाऐवजी दोन मुले आणली जातात, कारण पहिल्याला वाचवायला दुसरा उतरलेला असतो. त्यामुळे मुलांना एवढे पाठच करवावे की कोणी पडले तर आपण पाण्यात उतरायचे नाही. दोर, ओढणी, रिकामा बंद कॅन, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेकायचे आणि मोठ्याने ओरडत मोठ्या माणसाला बोलवायचे. बुडणाऱ्याचे तोंड पाण्याखाली जात असल्याने त्याला बहुधा ओरडता येत नाही, हे तुम्ही स्वतः अनुभवलेच आहे.

घरातील मोठ्यांसाठी एक कळकळीची विनंती. मुलाला बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे यांत मोलाची मिनिटे जातात आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. श्वास चालू नसेल तर त्याला कडक जमिनीवर उताणे निजवून आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास हा क्रम चालू ठेवावा. दरम्यान दुसऱ्याने 108 क्रमांकावर फोन करावा. मूल शुद्धीवर येऊन बोलू लागले तरी त्याला रुग्णालयात दाखवावेच, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दादाला फोन केला. कुंपणाचे नाव न काढता फक्त एवढेच विचारले की, रात्री मोटर पाहायला जाताना तुझाच पाय घसरला तर तू वर कसा येशील? तो बराच वेळ काही बोलला नाही. मागून वहिनीच म्हणाल्या की, हे त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून होते. दोर आणि अँगल या रविवारी सांगोल्याहून आणायचे ठरले आहे. जाळीसाठी मीही काही रक्कम देणार आहे, त्यावर मात्र तो अजून नाही म्हणतो. आता एकच विचारायचे राहिले : 3 मीटर खोलीच्या उतारावर तळापर्यंत पोहोचण्यासाठी प्रत्येक दोर किती लांबीचा घ्यावा?

प्रतिसाद 1

ताई, उताराची लांबी खोलीपेक्षा जास्त भरते आणि वर भरावाची रुंदी ओलांडून अँगलपर्यंतही दोर न्यायचा असतो. शिवाय गाठींमध्ये बराच दोर खर्ची पडतो. त्यामुळे एका साध्या दोरीने अँगलपासून तळापर्यंतचे अंतर आधी मोजून घ्यावे आणि त्याच्या दीडपट दोर आणावा. तुमच्या मापाच्या तळ्याला एका बाजूला तीन, असे एकूण बारा दोर लागतील.