ठिपक्यांतली संध्याकाळ
रंगाचे छोटे छोटे ठिपके शेजारी शेजारी ठेवून काढलेली चित्रं कोरडी, यांत्रिक वाटतात असं काही जण म्हणतात, मला अजिबात नाही पटत. फ्रेंच चित्रकार जॉर्ज स्यूराचं १८९० मधलं, उत्तर फ्रान्समधल्या ग्राव्हलीन बंदराच्या कालव्याचं संध्याकाळचं चित्र बघा, त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यातलं, नंतर ३१ व्या वर्षी गेलाच तो. माणूस एकही नाही, नुसते किनाऱ्यावर पडलेले जहाजांचे नांगर, एक दिव्याचा खांब, मागे होड्या आणि पाणी. जवळून झूम केलंत तर जांभळे, निळे, फिकट नारिंगी टिपके सुटे सुटे दिसतात, लांबून तोच विरत चाललेला उजेड होतो, कारण पॅलेटवर घोटून रंग मळकट होतात तसं इथे होत नाही, मिसळायचं काम आपला डोळा करतो. आणि आडव्या रेषांनी शांतता येते हे तर तो स्वतःच सांगायचा. मला तरी ते बघताना गलबलून येतं.