आरएक्स १०० बाइकचं क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) ब्लास्टिंगला, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कण मारून साफ करायला द्यायचंय, मीडिया (मारायचे कण) कुठला?

इंजिन पूर्ण खोललंय, हेड आणि क्रँककेस काळंकुट्ट झालंय. गल्लीतला वर्कशॉपवाला म्हणतो वाळूच मारतो, स्वस्तात होईल. देऊ का?

— अजिबात नको रे! वाळूने अॅल्युमिनियम खरवडून निघतं, मग त्या खरखरीत पृष्ठभागात तेल आणि धूळ जास्तच बसते, आणि वाळूची धूळ मारणाऱ्याच्या फुप्फुसात जाते, सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. ग्लास बीड (काचेचे बारीक मणी) घे, हवेचा दाब ४०-५० पीएसआयच्या आसपास, आधी रॉकेलने ग्रीस काढून पूर्ण वाळव, नाहीतर मणी चिकटतात.

— बीड चांगलेच, पण बेअरिंगच्या जागा, गॅस्केट बसतात ते सपाट फेस झाक आणि आट्यांच्या भोकांत जुने बोल्ट पिळून ठेव. मी नव्हते ठेवले. दोनदा धुतलं तरी फुंकर मारली की एका भोकातून मणी यायचेच, शेवटी गरम साबणाचं पाणी, बाटलीचा ब्रश आणि एअरगन घेऊन अख्खा रविवार गेला. आत एक जरी राहिला तरी बेअरिंग गेलंच समज.

— सोडा ब्लास्टिंग (मण्यांऐवजी सोडा मारतात) मिळत असेल तर बघा, तो पाण्यात विरघळतो. चकाकी येत नाही, पण इंजिन वाचतं.

— बरं, वाळू कॅन्सल. बोल्ट शोधतो.