मदत हवी आहे : हळदीच्या अर्काने टी-पेशींतलं कॅल्शियमचं रीडिंग विचित्र येतंय

कृष्णाकाठ_एमएस्सी (सांगली)

राजापुरी हळदीचा अर्क टी-पेशींच्या (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशी) ओराय-१ चॅनेलवर (पेशीतला कॅल्शियमचा साठा रिकामा झाला की बाहेरचं कॅल्शियम आत घेणारं दार) काही परिणाम करतो का, हे तपासतेय. पद्धत अशी: जरकॅट पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या टी-पेशी), फ्लुओ-४ एएम (कॅल्शियम मिळालं की चमकणारा रंग) ४ मायक्रोमोलर, ३० मिनिटं. मग पीबीएस (फॉस्फेटचा बफर) आणि १ मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं). साठा रिकामा करायला थॅप्सिगार्जिन १ मायक्रोमोलर, १० मिनिटांनी कॅल्शियम क्लोराइड २ मिलिमोलर. प्लेट रीडर ४८५/५२५ नॅनोमीटर.

नुसत्या पेशींत पीक (आलेखातलं शिखर) येतो, पण बुटका. अर्क (हळदीचं पिवळं रसायन कर्क्युमिन साधारण २० मायक्रोमोलर) आधी दिला की रीडिंग लगेच उसळतं आणि नंतर कॅल्शियम दिल्यावर फारसं वाढत नाही. ‘अर्क पेशीतला साठा रिकामा करतो आणि ओराय-१ बंद करतो’ असं लिहू का?

पेशीवाला

इतक्यात नको, ताई. आधी बफर बदला. पीबीएसमधलं फॉस्फेट कॅल्शियमला धरून साका करतं, त्यात १ मिलिमोलर ईजीटीए तेवढंच कॅल्शियम अडवतं आणि बांधताना प्रोटॉन सोडून पीएच उतरवतं. बुटका पीक बहुतेक त्यामुळेच. सोडियम क्लोराइड १५५, पोटॅशियम क्लोराइड ४.५, मॅग्नेशियम क्लोराइड ३, ग्लुकोज १०, हेपेस १० मिलिमोलर, पीएच ७.४ असं बनवा. ईजीटीए ०.२ मिलिमोलर पुरे. रंग धुतल्यावर पेशी आणखी अर्धा तास अंधारात ठेवा, नाहीतर एएमचा एस्टर (रंगाला पेशीत शिरू देणारी जोड) पुरता तुटत नाही.

आता खरी अडचण. कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं आणि हिरव्यातच चमकतं, म्हणजे थेट तुमच्या फिल्टरमध्ये. नुसत्या बफरमध्ये ते मंद असतं, पेशीपटलात शिरलं की उजळतं. म्हणून बिनपेशींच्या वेलचा (प्लेटमधल्या खळगीचा) कंट्रोल इथे फसवा. फ्लुओ-४ न भरलेल्या पेशींना अर्क द्या आणि बघा. फ्युरा-२ या दुसऱ्या रंगाकडे वळू नका, ३४०-३८० लाही कर्क्युमिन शोषतंच.

दुसरा कंट्रोल: शेवटी आयनोमायसिन (पेशीत कॅल्शियम भरभरून सोडणारं) ५ मायक्रोमोलर. अर्काच्या वेलमधलं कमाल रीडिंगही खालीच राहिलं, तर प्रकाश अडतोय किंवा रंग कमी आहे; चॅनेलला दोष देता येत नाही. ट्रायटन (पेशी फोडणारं डिटर्जंट) वापरू नका, त्याच्या मायसेलमध्ये (रेणूंच्या बारीक गोळ्यांत) कर्क्युमिन आणखी उजळतं.

कृष्णाकाठ_एमएस्सी

धन्यवाद सर. रंग न भरलेल्या पेशींतही तीच उसळी आली. मग अर्काचा परिणाम शून्य समजायचा का?

पेशीवाला

नाही. कर्क्युमिन सर्का पंपही (कॅल्शियम साठ्यात भरणारा) दाबतं, त्यामुळे साठा खरोखर गळतही असेल. लाल रंग घ्या, कॅल-५९० चालेल. ऱ्होड-२ धनभारित असल्याने मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतो. क्रम उलटा करा: आधी थॅप्सिगार्जिन १० मिनिटं, मग कर्क्युमिन २-३ मिनिटं, मग कॅल्शियम. साठा आधीच रिकामा असेल तर पुढची उसळी त्यातून आलेली असू शकत नाही.

अर्काऐवजी शुद्ध कर्क्युमिन घ्या, अर्कात त्याची दोन भावंडं आणि तेलंही असतात. डीएमएसओ या द्रावकात त्याच वेळी विरघळवा, शेवटी डीएमएसओ ०.१ टक्का, कंट्रोल वेलमध्येही तेवढंच. ३७ अंशांना, सीरम नसलेल्या ७.४ पीएचच्या बफरमध्ये ते अर्ध्या तासात बहुतेक मोडतं. सकाळची बाटली दुपारी चालणार नाही.

व्होल्टेज_सातारा

एक भर. पीक कमी झाला म्हणजे ओराय-१ बंद झालं असं नसतं. कॅल्शियम आत खेचतो तो पेशीचा ऋण विद्युतदाब, आणि तो टिकवतात पोटॅशियम चॅनेल, मुख्यतः केव्ही१.३. ते दबलं तर ओराय-१ उघडं असूनही ओघ घटतो. कॅल्शियमच्या ५ मिनिटं आधी व्हॅलिनोमायसिन (पोटॅशियमला पटलातून वाट देणारं) १ मायक्रोमोलर द्या, दाब पोटॅशियमच्या समतोलाजवळ धरला जातो. कर्क्युमिनचा परिणाम पुसला गेला तर संशय केव्ही१.३ वर, राहिला तर ओराय-१ किंवा स्टिम-१ वर (साठा रिकामा झाल्याचं ओराय-१ ला कळवणारं प्रथिन). नुसत्या व्हॅलिनोमायसिनचा कंट्रोल ठेवाच, ते मायटोकॉन्ड्रियालाही त्रास देतं.

ओराय-१ चा ओळखीचा ब्लॉकर म्हणून टू-एपीबी ५० मायक्रोमोलर. १० च्या खाली ते उलट ओघ वाढवतं, पातळ करताना जपा. गॅडोलिनियम हा ब्लॉकर नको, ईजीटीए त्याला गिळतं.

आणि जरकॅटवरून माणसाच्या टी-पेशींबद्दल बोलताना हात राखून. जरकॅटमध्ये कॅल्शियमवर उघडणारं पोटॅशियम चॅनेल एसके२ असतं, रक्तातल्या टी-पेशींत केसीए३.१. रक्तातल्या पेशी घ्यायच्या तर फिकॉल (पेशी वेगळ्या करणारं द्रावण) घनता १.०७७, सेंट्रिफ्यूज ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद.