आप्पांना औंधचं म्युझियम दाखवायचंय, गुडघे सांभाळून कसं जमेल?

कुंडलची सून:
आमचे सासरे, आप्पा, वय ७६. चाळीस वर्षं पेंटर होते. चित्रकार म्हटलेलं त्यांना चालत नाही, 'पाट्या रंगवणारा' म्हणायचं. किराणा दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीमागचं 'आईचा आशीर्वाद', निवडणुकीच्या भिंती, लग्नघराच्या दारावर कलश आणि शुभविवाह. फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत सगळं बसलं. डबे वाळून गेले, ब्रश तेवढे अजून रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात.

त्यांच्या ट्रंकेत लक्ष्मीचं एक जुनं कॅलेंडर आहे, रविवर्म्याच्या चित्रावरून छापलेलं. त्यावर पेन्सिलीने चौकोन आखलेत. तेच चौकोन भिंतीवर मोठे आखून त्यांनी कितीतरी देवळांत ही लक्ष्मी काढली. परवा जेवताना म्हणाले, "छापल्यालं बघून आयुष्य गेलं. त्या माणसाच्या हातचं एक तरी बघाय पायजे हुतं." साताऱ्याकडच्या औंधला आहे म्हटल्यावर घास हातातच राहिला. आमचं कुंडल औंध संस्थानातलंच. आप्पांचे वडील शाळेत राजेसाहेबांच्या हुकमाने सूर्यनमस्कार घालायचे. तरी आमच्यातलं कोणी ते म्युझियम बघितलेलं नाही, तिथल्या यमाई देवीला मात्र दहा वेळा जाऊन आलोय!

विचारायचं असं की, दोन्ही गुडघे दुखतात, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. चढ किती? एका दिवसात होईल का? आणि खरं सांगा, पाट्या रंगवणाऱ्या माणसाला तिथं परकं वाटणार नाही ना?

रहिमतपूरकर:
ताई, म्युझियम डोंगराच्या माथ्यावर नाही, यमाईच्या वाटेवर अलीकडेच आहे. गाडी वर जाते, पायऱ्या चढायची गरज नाही. तुम्हाला विटा, पुसेसावळी करून यायला सोपं. रेल्वेने आलात तर रहिमतपूर स्टेशन, पुढे गाडी करावी लागेल. डबा आणि पाणी घरून घ्या. पौषातल्या यात्रेच्या दिवसांत येऊ नका, गाडी लावायला जागा मिळणार नाही. सुट्टीचा वार निघायच्या आधी विचारून घ्या.

खडू आणि डस्टर:
कराडला अठ्ठावीस वर्षं चित्रकला शिकवली. आधी माझी चूक सांगतो. एकदा बेचाळीस मुलं घेऊन औंधला गेलो आणि पाऊण तासात सगळं 'दाखवून' बाहेर काढलं, कारण पुढे सज्जनगड होता. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, काय आठवतंय? एक म्हणाला, वडापाव. त्याचं काही चुकलं नाही.

तेव्हा सगळं बघायचा हट्ट धरू नका. तिथे हस्तिदंती काम आहे, जुनी लघुचित्रं आहेत, युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकला आहेत. नकला म्हणून नाक मुरडू नका. भवानराव पंतप्रतिनिधींनी हे संग्रहालय १९३८ साली उभं केलं, तेव्हा खटावातल्या पोरानं पॅरिसची चित्रं दुसरी कुठे बघायची? राजा स्वतः चित्रं काढणारा. चित्रकारांना घेऊन अजिंठ्याला गेला आणि तिथल्या भिंतींच्या नकला करून आणल्या.

आप्पांना मात्र सरळ रविवर्म्याच्या 'सैरंध्री'पुढे बसवा. ती द्रौपदी, विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली. राणी तिला कीचकाच्या महालात पाठवते, तेव्हाची. छापील लक्ष्मी आणि ही यातला फरक तुम्हाला सांगता येणार नाही, त्यांना न सांगता कळेल. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तिथे दगडावरून एकेक रंग वेगळा छापायचे. एकावर एक रंग चढून लक्ष्मी तयार व्हायची. म्हणजे आप्पांनी ज्यावर चौकोन आखले ते छापणाऱ्या कारागिरांचंही काम. ब्रशचा फटकारा त्यात येणार कुठून?

आणि परकं वाटण्याबद्दल. बाबूराव पेंटरांचं कामही तिथे आहे. हे कोल्हापूरचे मेस्त्री, नाटकांचे पडदे रंगवत वर आले, पुढे सिनेमे काढले. लोकांनी आडनावच पेंटर करून टाकलं. आप्पांना सांगा, आपल्याच आळीतला माणूस आत आहे.

ठाणे-सातारा:
एवढा खटाटोप करताय तर मुंबईच दाखवा की. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी, समोर आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय, दोन्ही चालत होतात.

खडू आणि डस्टर:
मुंबई आहेच हो. पण रेल्वेत रात्र काढून दुखऱ्या गुडघ्यांनी काय बघणार? शिवाय हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडी 'आई आणि मूल' बघायला साताऱ्याच्या माणसाने मुंबई ओलांडून विलायतेला जायची गरज नाही, ते औंधात आहे.

कुंडलची सून:
जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, सविस्तर लिहिते.

सकाळी सातला निघालो. आप्पांनी इस्त्रीचा सदरा, टोपी, आणि खिशात ते कॅलेंडर घडी करून. गाडी वरपर्यंत गेली. आत शिरल्यावर सरांनी सांगितल्याप्रमाणे मी त्यांना थेट पुढे न्यायला लागले, तर ते दारातल्या पहिल्याच चौकटीपाशी थांबले. चित्र बघत नव्हते, लाकडाचा सांधा बघत होते. दहा मिनिटं त्यातच. मी मुलाला खूण केली, असू दे.

मग सैरंध्री. तिथल्या एकांनी आपणहून खुर्ची आणून दिली, पण आप्पा बसलेच नाहीत. आधी चष्मा लावून, मग काढून, मग चांगला डोळा झाकून नुसत्या ऑपरेशनच्या डोळ्याने. हात पाठीमागे बांधलेले. मी मागे उभी होते म्हणून दिसलं, उजव्या हाताचं बोट पाठीमागे हलत होतं. साडीची चूण जिकडे वळते तिकडे बोट वळायचं, थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. मुलाने विचारलं, "आजोबा, काय करताय?" तर म्हणाले, "गप. त्यानं कुठनं उचाललंय ते बघतोय."

बराच वेळाने मला जवळ बोलावलं. "सूनबाई, हिथं बघ. काठ काढल्यालाच न्हाई." मला तर काठ स्वच्छ दिसत होता. म्हणाले, जवळ ये. गेले तर खरंच, नुसते रंगाचे तुटक डाग. दोन पावलं मागे आले की काठ झाला. "आन् मी येडा, सुतळी धरून रेघ मारत बसायचो. एकेका काठाला अर्धा दिस." हे बोलताना रडतात की हसतात कळेना, म्हणून मी खिडकीकडे बघत राहिले.

कॅलेंडर खिशातून काढलंच नाही.

बाबूराव पेंटरांचं नाव ऐकून खूश झाले, "आमच्या उस्तादाचा उस्ताद त्यांच्याच हाताखाली हुता" असं म्हणाले. खरं की थाप, देव जाणे. हेन्री मूर मात्र पटला नाही. आमच्याकडे वाटणाच्या पाट्याला टाकी लावायला यायचा तो यापेक्षा सफाईदार ठोकायचा म्हणे. निघताना परत एकदा वळून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पोर मातूर घट्ट धरलंय."

हस्तिदंत, लघुचित्रं सगळं राहिलं. यमाईचं दर्शनही खालूनच हात जोडून, पायांनी तेवढ्यातच जवाब दिला. पुन्हा यावं लागणार.

आता नवीनच सुरू झालंय. एनॅमल नको, ते पसरून बसतं, ट्यूबमधले ऑइल कलर पाहिजेत म्हणतात. आणि जाड कॅनव्हास. सर, सांगलीत चांगले कुठे मिळतील? सुरुवातीला कोणते रंग घ्यावेत? पिवळा कुठला तेही सांगा, पिवळ्यावरनं घरात दोन दिवस वाद चाललाय.