टीवायच्या मुलांना रेफरन्स शोधायला कसं शिकवता?

सूक्ष्मदर्शी:
तालुक्याच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. यंदा प्रोजेक्ट तपासताना एका मुलीचे १२ रेफरन्स बघितले तर त्यातले ४ कुठेच सापडेनात, जर्नल खरं पण तसा पेपरच नाही. विचारलं तर म्हणाली, मॅडम चॅटजीपीटीने दिले, मला वाटलं खरेच असतील. तिला रागवू तरी कशी, आम्ही शोधायला शिकवलंच कुठे? लायब्ररीच्या ओरिएंटेशनला पुस्तक किती दिवस ठेवायचं एवढंच सांगतात. मला २ प्रॅक्टिकल मिळतील, काय घेऊ?

जुनं कपाट:
मी ग्रंथपाल आहे. डेटाबेसची यादी दाखवत बसू नका, मुलं पेंगतात, त्यांचाच विषय घ्या. आमच्याकडे एकाचा तुळशीवर प्रोजेक्ट होता. गूगल स्कॉलरवर अवतरणचिन्हात ऑसिमम सँक्टम टाकलं नि जेवढं आलं तेवढ्यावर खूश. मग त्याला ऑसिमम टेन्यूफ्लोरम टाकायला लावलं, तुळशीचंच दुसरं नाव, तर वेगळेच पेपर निघाले! मग दोन्ही नावांच्या मध्ये ओआर (म्हणजे 'किंवा', दोन्हीपैकी कुठलंही नाव चालेल) घातलं, पण ते कॅपिटलमध्येच लिहायचं हं. एवढं एक केलं तरी तासभर सहज जातो. आणि तुमच्याकडे एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन जर्नल नि पुस्तकं देणाऱ्या योजनेचं, लॉगिन आहे का विचारा, बऱ्याच ठिकाणी असतं पण मुलांपर्यंत पोचतच नाही.

थिसिस चालू आहे:
शोधगंगा दाखवाच मॅडम, भारतातल्या पीएचडी थिसिसचा ऑनलाइन साठा. थिसिसच्या चॅप्टरच्या वेगवेगळ्या पीडीएफ असतात, रिव्ह्यूचा चॅप्टर उघडायचा नि त्यातले रेफरन्स धरून मूळ पेपरकडे जायचं. मूळ पेपर वाचायलाच लावा, नाहीतर तिथूनच उचलतात.

कोकणी शिक्षक:
डीओआय शिकवा, म्हणजे पेपरचा स्वतःचा ओळख नंबर. डीओआय डॉट ऑर्गवर नंबर टाकायचा नि उघडलेल्या पेपरचं शीर्षक जुळवायचं, कारण खोट्या रेफरन्सला कधी कधी नंबर खरा असतो पण पेपर भलताच निघतो. आणि मागे घेतलेला पेपर एकदा दाखवाच. लॅन्सेट जर्नलमधला, एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा, १२ मुलांवरचा, १९९८ चा, मागे घेतला थेट २०१० मध्ये. तोवर लोकांच्या मनात भीती बसायची ती बसलीच.

सूक्ष्मदर्शी:
खूप आभार सगळ्यांचे. गुरुवारी तुळस घेते, दुसऱ्या प्रॅक्टिकलला डीओआय. त्या मुलीला विचारलं, तिचेच ४ रेफरन्स नाव न सांगता वर्गाला तपासायला देऊ का, तर म्हणाली मीच फळ्यावर लिहिते. आमच्या लॅबमध्ये ६ कॉम्प्युटर आहेत नि मुलं २२, मोबाईलवर जमेल ना हे सगळं?

जुनं कपाट:
जमतं. तिघांत एक कॉम्प्युटर नि बाकीच्यांना मोबाईल, आम्ही तसंच करतो.